दुसऱ्यांचे टपाल

पोस्टमन या माणसाविषयी मला लहानपणापासून कुतूहल वाटत आले आहे. साऱ्या गावाची सुखदुःखे खांद्यावरच्या पिशवीत घालून तो हिंडत असतो. कोणाकडचे बारसे, कोणाकडचे मर्तिक, कोणाची बढती, कोणाला आलेली कोर्टाची नोटीस, सारे काही त्याच्या हातून जाते; आणि तरीही दारात उभा राहून तो 'पोस्टमन!' या एका शब्दापलीकडे काही बोलत नाही. जगाचा निरोप जगाला पोचवायचा आणि आपण पुढच्या दाराकडे वळायचे, हा त्याचा धर्म. त्याला स्वतःलाही कोणाला काही सांगायचे असेल, हे आपल्या ध्यानीमनी नसते.

फ्रान्सच्या आग्नेय भागात, द्रोम प्रांतात, ओतरीव्ह नावाचे एक आडगाव आहे. तेथल्या एका पोस्टमनने आपल्याला जे सांगायचे होते ते दगडात लिहून ठेवले आहे. त्याने लिहिलेले हे एकच पत्र. पण ते पुरे करायला त्याला तेहतीस वर्षे लागली. गेल्या मे महिन्यात ते मी पाहून आलो.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त ल्यों शहरात राहतो. कॉलेजच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो. चारआठ दिवस चर्चे आणि चित्रशाळा पाहून माझे पाय आणि डोळे दोन्ही थकले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, मोठ्या कलावंतांचे तुम्ही पुष्कळ पाहिलेत. उद्या एका पोस्टमनचा महाल दाखवतो." मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे.

सकाळी मोटारीने निघालो. पहिला टप्पा ऱ्होन नदीच्या सोबतीचा. नदी चांगली भरल्या अंगाची, शांत. पलीकडच्या तीरावर उभ्या चढणीला द्राक्षांचे मळे असे काही चिकटलेले, की ती द्राक्षे तोडणाऱ्या माणसांची काळजी वाटावी. सँ व्हालिए या गावी आमच्या डाव्या हाताने गालोर नावाची एक लहानशी नदी येऊन ऱ्होनला मिळते. तेथून ऱ्होनला सोडायचे आणि गालोरच्या काठाकाठाने वर जायचे. येथून देखावा एकदम बदलतो. डोंगर म्हणावे इतक्या उंच नव्हेत, पण सपाटीही नाही, अशा गोलसर टेकड्या एकीमागून एक येऊ लागतात. मधूनच अक्रोडाची जुनी झाडे, जर्दाळूच्या बागा, हिरव्या गव्हाच्या कडेने फुललेली खसखशीच्या जातीची लालभडक रानफुले. आपल्याकडे श्रावणात मावळात जो एक ओला आनंद असतो तो येथे नव्हता. पण ऊन कोवळे होते, वारा स्वच्छ होता, आणि रस्त्यावर आमच्याखेरीज फारसे कोणी नव्हते.

या मुलखातल्या घरांच्या भिंती मात्र लक्षात राहिल्या. त्या नदीतल्या गोट्यांच्या आहेत. नारळाएवढे, मोसंब्याएवढे गोल गोटे चुन्यात बसवून, माशाच्या काट्यासारखे एक ओळ उजवीकडे कललेली, दुसरी डावीकडे, अशा त्या रचलेल्या असतात. फार प्राचीन काळी येथे समुद्र होता. पुढे आल्प्स पर्वतातून आलेल्या पाण्याने गोट्यांच्या राशीच्या राशी येथे आणून टाकल्या. शेतकरी नांगर घालतो तेव्हा मातीबरोबर गोटेच वर येतात. म्हणजे दगड ही या भागातली सर्वांत स्वस्त, सर्वांच्या पायांत येणारी वस्तू. पुढची सारी कथा या दगडांचीच आहे.

फर्दिनां शेवाल हे त्या पोस्टमनचे नाव. 'शेवाल' म्हणजे फ्रेंच भाषेत घोडा. दैवाला कधी कधी नावे ठेवण्याचे चांगले साधते! १८३६ साली जवळच्याच एका खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी हा जन्मला. शिक्षण बेताचे, आईबाप लवकर गेलेले. आधी पाव भाजण्याच्या भट्टीत उमेदवारी केली, आणि १८६७ साली तो टपालखात्यात लागला. ओतरीव्हहून निघून तेरसान आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांना टपाल वाटून परत यायचे, ही त्याची रोजची फेरी सुमारे ३२ किलोमीटरांची. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो, पायीच.

आता असे रोज आठ कोस एकट्याने चालणारा माणस करील काय? शेवाल स्वप्ने पाहत असे. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, वाटेवरचा कंटाळा घालवण्यासाठी त्याने मनातल्या मनात एक अद्भुत महाल बांधला होता; लोक हसतील म्हणून त्याविषयी तो कोणाशी बोलला नव्हता. मग वर्षे गेली आणि तो स्वप्न विसरूनही गेला. १८७९ सालच्या एप्रिल महिन्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, फेरीवर असताना एका दगडाला ठेचकाळून तो पडता पडता वाचला. दगड कसला म्हणून पाहतो, तर त्याचा आकार इतका विलक्षण की त्याने तो रुमालात बांधून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्याहून सुंदर दगड सापडले. त्याने मनाशी म्हटले, निसर्ग जर शिल्प घडवत असेल, तर गवंडीकाम आणि वास्तुकला मी करीन.

प्रथम तो दगड खिशातून आणी; बायको बिचारी फाटलेले खिसे शिवून थकली. मग टोपली आली, मग हातगाडी. दिवसा टपाल वाटताना दगड हेरून रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवायचा आणि संध्याकाळी हातगाडी घेऊन पुन्हा तितकी पायपीट करून तो घरी आणायचा. रात्री दिव्याच्या उजेडात चुना कालवून काम करायचे. गवंड्याचे काम त्याला कोणी शिकवले नव्हते. गाव म्हणू लागले की पोस्टमनचे डोके फिरले. त्याने ते ऐकून घेतले आणि दगड वाहत राहिला.

त्या महालासमोर मी उभा राहिलो तेव्हा पहिली काही मिनिटे काही सुचेना. गावातल्या साध्या घरांच्या मागे, एका बागेत, २६ मीटर लांबीची आणि साधारण तीन मजली घराच्या उंचीची ही वस्तू उभी आहे. वस्तू म्हणतो, कारण इमारत म्हणायला जीभ वळत नाही. तिला सरळ रेषा अशी नाहीच. वारुळे वर चढावीत तसे बुरूज चढलेले. गोट्यांच्या माळा लोंबताहेत. सिमेंटची ताडाची झाडे, शहामृग, फ्लेमिंगो, गरुड दाटीवाटीने बसलेले. पूर्वेच्या अंगाला तीन उंच राक्षसी पुतळे हातपाय ताठ करून उभे आहेत. ते म्हणे ज्यूलियस सीझर, त्याच्याशी झुंजलेला गॉल वीर व्हेर्सेंजेटोरिक्स आणि ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीस! ही तिघांची मैफल एका जागी कशी जमली, हे पोस्टमनलाच ठाऊक. एकट्या या पूर्वेच्या बाजूला त्याची वीस वर्षे गेली.

पश्चिमेला गेलो तर आणखी नवल. भिंतीतल्या कोनाड्यांत लहान लहान इमारती बसवलेल्या आहेत: स्वित्झर्लंडमधले लाकडी घर, अमेरिकेतले व्हाइट हाउस, अल्जीयर्सचे चौकोनी घर, मध्ययुगातला किल्ला, जवळच मशीद, आणि या मंडळींतच एक 'हिंदू देऊळ'. परमुलखात आपले कोणी भेटावे तसा मी लगबगीने पुढे झालो. देऊळ हेमाडपंती नव्हते, द्राविडीही नव्हते. आपल्या कोणत्याही शिल्पशास्त्रात ते बसले नसते. खरे म्हणजे ते त्या महालातल्या इतर घरांचेच भावंड होते. द्रोम प्रांताबाहेरचे जगही ज्याने फारसे पाहिले नाही, त्या माणसाने हिंदूंचे देऊळ पाहिले तरी कोठे असावे?

उत्तर त्याच्या पिशवीत होते. त्या काळी फ्रान्समध्ये सचित्र मासिके घरोघर जाऊ लागली होती, पुढे चित्रांची पोस्टकार्डेही आली. ती पोचवणारा हाच. दुसऱ्यांच्या नावावर आलेले ईजिप्त, अरबस्तान, हिंदुस्थान वाटेत त्याच्या नजरेखालून जात होते. मासिक मालकाच्या दारी पडायचे आणि चित्र याच्या डोक्यात राहायचे. ज्यांच्या नावे ती मासिके आली त्यांनी ती चाळली असतील आणि रद्दीत घातली असतील. ज्याच्या नावाचे टपाल नव्हते, त्याने मात्र ते जन्मभर जपले.

त्या देवळापुढे उभा असताना मला अचानक आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यांची आठवण झाली. अंगणात पोरे दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजाहून मोठा वाघ गुहेत बसवतात, शिवाजी महाराजांच्या शेजारी गवळण आणि बँडवाला उभा करतात, आणि पायथ्याशी बशीभर पाण्याचे तळे करतात. त्यात वाघ मोठा का आणि तोफ लहान का, असे कोणी विचारत नाही. ज्याला जे जगात मोलाचे वाटले ते त्यात आले, एवढाच तेथला नियम. शेवालचा महाल याच कुळातला आहे. फरक इतकाच, की आपला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत विरघळून जातो आणि पोरे परीक्षेच्या मागे लागतात. हा माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी किल्ला करायला बसला आणि शहात्तराव्या वर्षी उठला.

महालाच्या पोटातून एक लांब अंधारा बोळ जातो. भिंतींवर प्राणी, वेली आणि शेवालने स्वतः कोरलेली वचने. आमच्यापुढे एक फ्रेंच कुटुंब चालले होते. त्यातल्या पाचसहा वर्षांच्या मुलाने बापाला काही विचारले आणि बाप हसला. भाच्याने मला सांगितले, "तो विचारतो आहे, पोस्टमनची झोपायची खोली कोठे आहे?" प्रश्न अगदी बिनतोड होता. या महालात झोपायची खोली नाही, स्वयंपाकघर नाही. कोणी राहावे अशी एकही जागा नाही. त्यात एकच रहिवासी आहे, ती म्हणजे शेवालची हातगाडी. तिला मात्र त्याने भिंतीत खास देवळी करून मानाने बसवले आहे. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो; त्या भल्या माणसाने आपल्या हत्याराला देव्हाराच बांधून दिला.

एका भिंतीवर त्याने हिशेब कोरला आहे: १८७९ ते १९१२, दहा हजार दिवस, ९३ हजार तास, तेहतीस वर्षांचे कष्ट. हा आकडा वाचून बरोबरचे प्रवासी 'वा!' म्हणून पुढे जातात. मी जरा रेंगाळलो. कारण या तेहतीस वर्षांत त्या घरी आणखीही काही घडत होते. शेवालची पहिली बायको १८७३ सालीच वारली होती. दुसऱ्या बायकोपासून १८७९ साली, म्हणजे ज्या वर्षी तो दगड पायात आला त्याच वर्षी, त्याला आलीस नावाची मुलगी झाली. महाल आणि मुलगी एकाच वयाची. १८९४ साली, पंधराव्या वर्षी, ती मुलगी गेली. महालाशेजारी त्याने पुढे स्वतःसाठी जे घर बांधले त्याला तिच्या नावावरूनच नाव दिले. १९१२ साली महाल पुरा झाला आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा वारला. दोन वर्षांनी बायकोही गेली. भिंतीवरच्या हिशेबात यातले काही नाही. पण आलीस गेल्यानंतरही तो रात्री दिवा लावून काम करतच होता, हे कळल्यावर त्या सिमेंटच्या झाडांकडे मला पहिल्यासारखे गमतीने पाहता येईना. त्या बायकोचेही मनात आले. फाटलेले खिसे शिवणाऱ्या हातांचा हिशेब कोणत्या भिंतीवर लिहायचा?

जगाने या महालाचे काय केले, तीही एक मौजेची कहाणी आहे. १९०४ साली एका कवीने त्यावर कविता लिहून शेवालला पाठवली. तीतले शब्द उचलून त्याने आपल्या कामाला 'आदर्श महाल' असे नाव दिले. लोक पाहायला येऊ लागले, महालाची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली, आणि पोस्टकार्डांतून जमवलेला महाल पुन्हा पोस्टकार्ड होऊन टपालाने जगभर निघाला! पुढे आंद्रे ब्रेतों आणि त्याच्या अतिवास्तववादी मित्रांनी शेवालला आपला पूर्वज ठरवले. माक्स अर्न्स्टने त्याच्या नावाचे चित्र केले. पिकासोने १९३७ साली त्याच्यावर रेखाचित्रांची एक वही भरवली. याउलट १९६४ साली सरकारी तज्ज्ञांनी अहवाल दिला की ही सारी कुरूप वेडगळ जुळणी आहे, हिच्या वाटेला जाऊ नये. पण सांस्कृतिक खात्याचा मंत्री होता आंद्रे मालरो, स्वतः लेखक. त्याने महालाची बाजू उचलून धरली, आणि १९६९ साली ही वास्तू राष्ट्राची संरक्षित वास्तू ठरली. १९८४ साली फ्रान्सच्या टपालखात्याने आपल्या या जुन्या नोकराच्या महालाचे तिकीट काढले. आज दरवर्षी लाखाहून अधिक माणसे तेथे जातात.

अशा कलेला पंडितांनी नावेही दिली आहेत. झां द्यूब्यूफे या चित्रकाराने १९४५ च्या सुमारास 'आर ब्रूत' हा शब्द काढला. आपण त्याला 'अनघड कला' म्हणू. १९७२ साली रॉजर कार्डिनल या इंग्रज प्राध्यापकाने तिला 'आउटसाइडर आर्ट' म्हटले, बाहेरच्यांची कला. आपल्याकडे चंडीगडचे नेकचंद याच जातीचे. सरकारी रस्तेखात्यातला हा नोकर मोडक्या बांगड्या, फुटक्या बशा आणि दगड जमवून रानात गुपचूप एक राज्य उभारत होता. १९७५ साली ते उघडकीस आले आणि १९७६ साली लोकांना खुले झाले.

पण मी मराठीचा मास्तर. 'बाहेरचा' हा शब्द ऐकला की मला विचारावेसे वाटते: कोणाच्या बाहेरचा? सावतोबांच्या हातात खुरपे होते, गोरोबांच्या पायांखाली चिखल होता, जनाबाईंच्या हाती जात्याचा खुंटा होता. यांतले कोणी पिंगळाचे छंदःशास्त्र शिकून आले नव्हते. तरी त्यांना आपण साहित्याच्या बाहेरचे म्हणत नाही. आमचा अभ्यासक्रम त्यांच्यापासूनच सुरू होतो. मात्र एक भेद येथे मानला पाहिजे. या संतांना पंढरीची वाट होती, टाळकऱ्यांची संगत होती, एकमेकांच्या पाया पडणारी मांदियाळी होती. शेवालला यातले काही नव्हते. ज्या गावाला तो रोज पत्रे पोचवत होता त्या गावाला त्याची भाषा कळत नव्हती. 'बाहेरचा' या शब्दाचा मला लागलेला अर्थ एवढाच: ज्याच्या ओवीला कोणी ध्रुपद धरले नाही, तो.

दुपारी गावात चीज भरलेल्या कणकेच्या चिमुकल्या चौकोनी उकडवड्यांचे, म्हणजे तेथल्या प्रसिद्ध राव्हिओलचे, जेवण घेतले आणि दफनभूमीत गेलो. शेवालची इच्छा होती की आपल्याला महालातच पुरावे. कायदा आड आला. तेव्हा वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याने पुन्हा हातगाडी बाहेर काढली, आठ वर्षे खपून गावच्या दफनभूमीत आपली समाधी स्वतः बांधली, आणि १९२४ साली तो तेथे विसावला. महालाचे सारे वळण त्या लहानशा समाधीत आहे. आजूबाजूच्या घडीव, गुळगुळीत संगमरवरी थडग्यांत ती अशी दिसते, की शिस्तीच्या वर्गात एकच मूल विस्कटलेल्या केसांनी येऊन बसले आहे.

मग मी भाच्याला म्हटले, "मोटार राहू दे. त्याच्या वाटेने थोडे चालू." तेरसानच्या रस्त्याने आम्ही तासभर चाललो. चढ अंगावर येत नाही, पण संपतही नाही. टेकडीवर पोचल्यावर मागे वळून पाहिले. गालोरचे हिरवे खोरे, गावाची लाल कौले, चर्चचे टोक, आणि दूर पूर्वेला निळसर पर्वत. हाच देखावा शेवालने रोज पाहिला. पण त्याची नजर बहुधा पायांखाली असावी. नांगरलेल्या शेताच्या बांधावर शेतकऱ्यांनी वेचून टाकलेल्या गोट्यांचे ढीग होते. सकाळी येताना ते मला दिसलेही नव्हते. आता प्रत्येक ढिगापाशी पाय थांबत होता. महाल गावात आहे आणि देखावा गावाबाहेर आहे असे नव्हे. हा देखावाच हातगाडीत बसून गावात गेला आणि तेथे उभा राहिला आहे.

त्या चढावर मी माझ्याच धंद्याचा विचार करत होतो. वीस वर्षे मी वर्गावर जातो. ज्ञानोबांचे, तुकोबांचे, केशवसुतांचे, मर्ढेकरांचे टपाल पोरांच्या दारी पोचवतो. टपाल माझे नव्हे. पण ते वेळेवर, न भिजवता पोचवावे, हा माझा धर्म, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. दरवर्षी एखाददुसरा मुलगा, एखादी मुलगी, तास संपल्यावर घुटमळत मागे राहते आणि संकोचाने एक वही पुढे करते. वहीत मात्रा चुकलेल्या असतात, यमके ओढूनताणून आणलेली असतात, वाघ बुरुजाहून मोठा झालेला असतो. मात्रा कोठे चुकली हे सांगणे माझे काम आहे आणि ते मी करणारच. शेवालचा दाखला देऊन अडाणीपणाची आरती ओवाळावी, असे मला वाटत नाही. गोट्यांचे ढीग त्या बांधांवर शेकडो आहेत. महाल एकच झाला.

पण त्या एकाचा अहवाल तज्ज्ञांनी काय दिला होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वही हातात घेतली की तिचा मालक पुढे तेहतीस वर्षे दगड वाहणार आहे की येत्या परीक्षेपर्यंतच, हे तिच्या पहिल्या पानावर लिहिलेले नसते. ते शोधून काढण्याची विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. म्हणून मात्रांचा हिशेब सांगून झाला, की वही परत देताना हल्ली मी आणखी एक प्रश्न विचारतो, "हे रोज लिहितोस का?" बहुतेक जण मान खाली घालतात. या जुलैत दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "हो सर, रोज." दिवसा तो घरोघर पार्सले पोचवण्याचे काम करतो. मी त्याला म्हटले, "पुढची वही भरली की घेऊन ये."